भक्तीचा रोग आणि राष्ट्राध्यक्ष झालेला डॉक्टर

२५ नोव्हेंबर या तारखेचे महत्त्व आंबेडकरी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १९४९ साली याच दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत आपले अखेरचे मोठे भाषण केले. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, हा त्या भाषणातला इशारा आमच्या सभांमधून हजार वेळा सांगितला जातो. तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच भाषणात आणखी एक इशारा आहे. आपले स्वातंत्र्य कितीही थोर माणसाच्या चरणी वाहू नका, असे बाबासाहेब बजावतात. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे घेऊन जाते, असे ते सांगतात. हा दुसरा इशारा आम्ही व्यासपीठावरून घाईघाईने उरकतो. कारण तो प्रस्थापितांना जितका लागू आहे तितकाच आम्हालाही लागू आहे.

याच तारखेला, १९९७ साली, जोहान्सबर्गच्या एका दवाखान्यात एक अतिवृद्ध काळा डॉक्टर मरण पावला. त्याचे वय शंभरीच्या आसपास होते. हा माणूस अनवाणी निघालेला शेतकऱ्याचा पोर होता. पुढे तो अमेरिकेत डॉक्टर झाला, आपल्या देशाचा मुक्तिदाता झाला आणि मग त्याच देशाचा तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे नाव डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा आणि त्याचा देश मलावी. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगात दैवी संकेत शोधणारे आम्ही नव्हेत. पण बाबासाहेबांनी १९४९ साली ज्या रोगाचे निदान केले, त्या रोगाने एक आख्खा देश तीस वर्षे कसा झिजवला, हे पाहायचे असेल तर या डॉक्टरचे आयुष्य उघडून पाहावे लागते.

काळ्या माणसांचा लढा आम्हाला परका नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. काळ्या माणसाचे मोठेपण ऐकताना आमची छाती फुगते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु अशा कथांचा पूर्वार्ध सांगून टाळ्या घ्यायच्या आणि उत्तरार्ध गिळून टाकायचा, ही सवय बरी नव्हे. आज आम्ही दोन्ही सांगणार आहोत.

मलावीला तेव्हा न्यासालँड म्हणत. दक्षिण-पूर्व आफ्रिकेतला, एका प्रचंड सरोवराच्या काठाने पसरलेला हा चिंचोळा प्रदेश ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. तिथल्या कासुंगू भागात चेवा समाजाच्या शेतकरी कुटुंबात बांडांचा जन्म झाला. जन्माची नोंद कोण ठेवणार? बहुधा १८९८ साल असावे, असे अभ्यासक मानतात. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत हा मुलगा शिकला. त्याच्या शाळेतली एक गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. परीक्षेला मुलगा मागे बसलेला, अंगाने ठेंगणा. फळ्यावरचे प्रश्न दिसेनात म्हणून तो उठून पुढच्याच्या खांद्यावरून पाहू लागला. गोऱ्या पर्यवेक्षकाला वाटले की हा नक्कल करतोय. त्याने मुलाला परीक्षेतून बाद केले.

ही गोष्ट वाचताना आमच्या वाचकांना एल्फिन्स्टन हायस्कूलचा फळा आठवल्याशिवाय राहणार नाही. गुरुजींनी भीमरावाला फळ्याजवळ बोलावले आणि सवर्ण पोरांनी फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे धावत जाऊन उचलले. एकाला फळा दिसत नव्हता आणि दुसऱ्याला फळ्याजवळ जाऊ देत नव्हते. दोघांनीही हार मानली नाही आणि दोघेही पुढे शिकायला सातासमुद्रापार गेले. इथपर्यंत दोन्ही आयुष्ये जणू एका वाटेने चालतात. वाट कुठे फुटली, हेच तर आपल्याला पाहायचे आहे.

परीक्षेतून बाद झालेला हा पोरगा पायी दक्षिणेकडे निघाला. आधी दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, एका रुग्णालयात त्याने काम केले. रुग्ण, औषधे आणि डॉक्टर यांच्याशी त्याची पहिली जवळीक तिथे झाली. नंतर तो दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेला. दिवसा खाणीवर काम आणि रात्री अभ्यास असा क्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गोऱ्यांच्या चर्चमधला भेदभाव धुडकावून आपले स्वतंत्र चर्च काढले होते. त्या चर्चच्या मदतीने १९२५ साली बांडा अमेरिकेत पोहोचले. ओहायोतल्या विल्बरफोर्स या काळ्यांच्या संस्थेत त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. १९३१ साली शिकागो विद्यापीठातून इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली. १९३७ साली नॅशव्हिलच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले.

या मेहॅरीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. गुलामगिरी कायद्याने संपली, पण काळ्या माणसाला गोऱ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे दार बंदच राहिले. म्हणून १८७६ साली मेहॅरीची स्थापना झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या काळे डॉक्टर घडवण्याचे काम या संस्थेने केले. न्यासालँडमधून अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारे बांडा हे दुसरेच. त्यांच्या आधी डॅनियल मालेकेबू यांनी १९१७ साली ही पदवी मिळवली होती. म्हणजे वीस वर्षांत एका देशाच्या वाट्याला दोन डॉक्टर! वसाहतवादाने आफ्रिकेला काय दिले, असे कोणी विचारले तर हा आकडा पुरेसा आहे.

ब्रिटिश साम्राज्यात डॉक्टरकी करायची तर ब्रिटिश परवाना हवा. त्यासाठी बांडा एडिंबरोला गेले आणि १९४१ साली तोही मिळवला. आता मायदेशी जाऊन आपल्या माणसांची सेवा करावी, हा विचार होता. पण मायदेशातल्या मिशनच्या गोऱ्या परिचारिकांनी काळ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायला नकार दिला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. बडोद्याच्या कचेरीत परदेशी पदवी घेऊन आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबूनच कागद फेकत असत, हे आम्ही विसरलेलो नाही. पदवी मिळाली म्हणून रंग जात नाही आणि जातही जात नाही. मग बांडांनी इंग्लंडातच व्यवसाय सुरू केला. आधी ईशान्येकडच्या नॉर्थ शील्ड्स या बंदराच्या गावी आणि महायुद्धानंतर लंडनच्या हार्ल्सडेन भागात. गोरे रुग्ण या काळ्या डॉक्टरकडे रांग लावत. ज्याच्याकडे पैसे नसत त्याच्याकडून ते घेत नसत, असे सांगितले जाते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

लंडनचे त्यांचे घर आफ्रिकन स्वातंत्र्यवाद्यांचा अड्डा होते. १९५३ साली ब्रिटिशांनी उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचे एक संघराज्य बनवले. त्याचा खरा अर्थ असा की न्यासालँडच्या काळ्या बहुसंख्याकांना दक्षिण ऱ्होडेशियाच्या गोऱ्या जमीनदारांच्या दावणीला बांधले. बांडांनी या योजनेला कडाडून विरोध केला. ती लादली गेली तेव्हा ते निराश होऊन गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, कुमासी इथे दवाखाना चालवू लागले.

इथे कथेला वळण मिळते. न्यासालँडमध्ये काँग्रेस नावाची संघटना होती आणि तिची सूत्रे आता तिशीच्या आतल्या तरुणांकडे येत होती. हेन्री चिपेंबेरे, कन्यामा चिऊमे आणि डुंडुझू चिसिझा ही पोरे शिकलेली होती, निर्भय होती आणि संघटनेत तरबेज होती. पण आपण वयाने लहान, लोक आपले ऐकणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. लोकांना एक वडीलधारा, पिकल्या केसांचा, विलायतेत शिकलेला तारणहार हवा, असे त्यांनी ठरवले. चिपेंबेरे यांनी बांडांना पत्र लिहून परत येण्याची गळ घातली. लढा यशस्वी व्हायचा तर लोकांना पूजा करण्यासाठी एक नायक लागतो, मनुष्यस्वभावच तसा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. तारणहाराचा मखर या पोरांनी आधी तयार केला आणि मग त्यात बसवायला माणूस शोधून आणला.

६ जुलै १९५८ रोजी बांडा चिलेका विमानतळावर उतरले. देश सोडून त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. मायबोली इतकी विसरली होती की भाषणे ते इंग्रजीत करत आणि दुभाषा ती लोकांना समजावून सांगे. ज्यांचा तारणहार म्हणून आले, त्यांच्याशीच बोलायला मध्ये माणूस लागत होता! तरीही लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, कारण तरुणांनी गावोगाव जाऊन तसे वातावरण तयार केले होते.

न्यायाने बोलायचे तर बांडांनी लढा दिला, हे नाकारता येणार नाही. ३ मार्च १९५९ रोजी सरकारने आणीबाणी लादली आणि बांडांना पकडून दक्षिण ऱ्होडेशियातल्या ग्वेलोच्या तुरुंगात टाकले. त्याच दिवशी न्खाटा बे इथे कैद्यांच्या सुटकेसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि वीस माणसे मेली. त्या आणीबाणीत एकूण पन्नासच्या वर आफ्रिकन मारले गेले. चौकशीसाठी ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या न्यायमूर्ती डेव्हलिन यांच्या आयोगाने न्यासालँड हे तात्पुरते का होईना, पोलिसी राज्य झाले आहे असे लिहिले, तेव्हा लंडनच्या सरकारची अब्रू गेली. १९६० च्या एप्रिलमध्ये बांडा सुटले. १९६१ च्या निवडणुकीत त्यांच्या मलावी काँग्रेस पक्षाने काळ्या मतदारांच्या सर्वच्या सर्व वीस जागा जिंकल्या. १९६३ साली ते पंतप्रधान झाले, त्याच वर्षाअखेर ते संघराज्य मोडले आणि ६ जुलै १९६४ रोजी मलावी स्वतंत्र झाला. पायी निघालेला पोरगा राष्ट्राचा प्रमुख झाला. आमच्याकडच्या वक्त्याने इथे थांबून जयघोष केला असता.

आम्ही थांबणार नाही. स्वातंत्र्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच मंत्रिमंडळात खटका उडाला. ज्या तरुणांनी बांडांना आणले, तेच आता मंत्री होते. त्यांच्या तक्रारी काय होत्या? सरकारी कचेऱ्यांतल्या वरच्या जागांवर अजूनही गोरेच का? आफ्रिकेत वसाहती राखून बसलेल्या पोर्तुगालशी सलगी कशासाठी? मंत्र्यांना न विचारता एकटा माणूस सगळे निर्णय का घेतो? आणि एक मुद्दा असा की जो वाचून आम्ही थबकलो. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बाह्यरुग्णांवर तीन पेन्सची फी बसवली होती. तीन पेन्स ही रक्कम लहान वाटेल, पण चार-चार मैल चालत येणाऱ्या शेतकरणीला ती लहान नव्हती. लंडनमध्ये गोऱ्या गरिबाकडून पैसे न घेणारा डॉक्टर सत्तेवर बसताच स्वतःच्या गरिबाकडे फी मागू लागला, आणि त्याला ‘हे बरोबर नाही’ म्हणणारे मंत्री गद्दार ठरले!

सप्टेंबर १९६४ मध्ये चिऊमे, बवानाउसी आणि चिरवा या मंत्र्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्याबरोबर त्या सरकारातल्या एकमेव महिला रोझ चिबांबो यांनाही. इतरांनी सहानुभूतीने राजीनामे दिले. चिपेंबेरे परदेशात होते. परत येताच त्यांनीही राजीनामा दिला. संसदेत या सर्वांवर विश्वासघाताचे आरोप झाले आणि सभासदांनी बांडांच्या बाजूने कौल दिला. पूजा करायला लोकांना शिकवले होते, प्रश्न विचारायला शिकवलेच नव्हते. मूर्तिकारच मूर्तीच्या पायाखाली आले. चिपेंबेरे यांनी १९६५ साली सशस्त्र उठावाचा फसलेला प्रयत्न केला, देश सोडला आणि १९७५ साली अमेरिकेत परागंदा अवस्थेतच त्यांचा अंत झाला.

१९६६ साली मलावी प्रजासत्ताक झाला. प्रजासत्ताक हा शब्द फक्त कागदावर. घटनेनेच देशात एक पक्ष ठेवला आणि बांडा राष्ट्राध्यक्ष झाले. १९७१ साली ते तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या नावामागे ‘न्ग्वाझी’ ही पदवी लावणे आवश्यक ठरले. तिचा अर्थ महापराक्रमी विजेता असा आहे. ते जिथे जातील तिथे बायकांनी त्यांचे चित्र छापलेली वस्त्रे नेसून नाचायचे. पक्षाचे चार आधारस्तंभ जाहीर झाले : एकता, निष्ठा, आज्ञापालन आणि शिस्त. बांधवांनो, हे चार शब्द आणि आमचे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. स्वातंत्र्य, समता, बंधुता. बांडांच्या चारांत स्वातंत्र्य नाही, समता नाही आणि बंधुताही नाही. जिथे निष्ठा आणि आज्ञापालन ही तत्त्वे होतात, तिथे माणूस नागरिक राहत नाही.

मग सगळे ओघानेच आले. बायकांनी पाटलोण घालायची नाही, गुडघ्यावरचा पोशाख घालायचा नाही, पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत, असे कायदे झाले. पुस्तके आणि चित्रपट यांच्यावर सेन्सॉर बोर्ड बसले. पक्षाचे कार्ड नसेल तर बाजारात शिरता येईना आणि बसमध्ये चढता येईना. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक धर्माच्या कारणाने पक्षाचे कार्ड घेत नव्हते. त्यांच्यावर १९६७ साली बंदी आली, पक्षाच्या तरुणांनी त्यांना झोडपले आणि हजारोंना शेजारच्या देशांत पळून जावे लागले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी सारे स्वतंत्र आफ्रिका खंड संबंध तोडत असताना बांडांनी १९६७ साली त्या सरकारशी राजनैतिक संबंध जोडले. ज्या देशात नेल्सन मंडेला बेड्यांत होते, तिथे हा काळा मुक्तिदाता १९७१ साली सन्माननीय पाहुणा म्हणून गेला.

पोटाचे काय? प्रेस होल्डिंग्ज या कंपनीच्या ५,००० समभागांपैकी ४,९९९ बांडांच्या नावावर होते. देशातल्या मोठमोठ्या धंद्यांत या कंपनीचा हात होता. मलावीचे मुख्य निर्यात पीक तंबाखू. त्यातली बर्ली ही फायद्याची जात फक्त मोठ्या मळेवाल्यांनी लावायची. लहान शेतकऱ्याला ती लावायला जवळजवळ १९९० पर्यंत कायद्यानेच मनाई होती. आमच्याकडे वतनदारी कशी चाले हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पिकवायचे कोणी आणि खायचे कोणी, हे कायदा ठरवत होता.

आता शिक्षण आणि आरोग्य, म्हणजे या माणसाचे स्वतःचे दोन प्रांत. १९८१ साली कासुंगूजवळ, लहानपणी ज्या झाडाखाली आपण अक्षरे गिरवली असे ते सांगत, त्याच जागी त्यांनी कामुझू अकादमी ही भव्य निवासी शाळा काढली. तिथे लॅटिन आणि ग्रीक शिकवत. आणि शिकवायला मलावीचा एकही शिक्षक नाही, सारे गोरे! गोऱ्या पर्यवेक्षकाने ज्याला बाद केले, त्या मुलाने म्हातारपणी शाळा काढली आणि आपल्याच रंगाच्या गुरुजींना बाद केले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती कोणासाठी, हे आठवा. आणि डॉक्टर असलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या देशात पहिले वैद्यकीय महाविद्यालय कधी सुरू झाले? १९९१ साली, स्वातंत्र्यानंतर सत्तावीस वर्षांनी. त्या सुमारास मलावीत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती. मेहॅरीने एका गुलाम वंशाला डॉक्टर दिले. मेहॅरीच्या विद्यार्थ्याने आपल्या देशाला मेहॅरी दिली नाही.

आणि ऑर्टन चिरवांची कहाणी. हे न्यासालँडचे पहिले आफ्रिकन बॅरिस्टर. १९५९ साली बांडा तुरुंगात असताना मलावी काँग्रेस पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष चिरवा होते. बांडा सुटून येताच त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. १९६४ साली बडतर्फ झाल्यावर ते परदेशी गेले. १९८१ साली पत्नी व्हेरा यांच्यासह ते मलावीच्या पोलिसांच्या ताब्यात सापडले. झांबियातून त्यांना पळवून आणल्याचे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. पारंपरिक न्यायालय नावाच्या न्यायासनापुढे त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यात वकील देण्याची मुभा नव्हती. देशाच्या पहिल्या बॅरिस्टरला वकील मिळाला नाही! फाशी सुनावली गेली, जगभरातून आवाज उठल्यावर ती जन्मठेपेत बदलली, आणि १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये चिरवा तुरुंगातच मेले. व्हेरा चिरवा या स्वतः देशातल्या पहिल्या महिला वकील. त्या अकरा वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये सुटल्या आणि सुटल्यावर त्यांनी मानवी हक्कांचे काम हाती घेतले.

१९८३ च्या मे महिन्यात तीन मंत्री आणि एक खासदार ‘मोटार अपघातात’ मेले. पुढे चौकशी आयोगाने सांगितले की तो अपघात नव्हता, पोलिसांनीच त्यांना ठार केले होते. या प्रकरणात बांडांवर खटला चालला आणि १९९५ साली ते निर्दोष सुटले. त्यांचा हात न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण ज्या राज्यात मंत्री असे मरतात आणि वर्षानुवर्षे कोणी तोंड उघडत नाही, त्या राज्याची जबाबदारी राज्यकर्त्याचीच असते.

हे तोंड अखेर उघडले ते १९९२ साली. मार्च महिन्यात कॅथलिक बिशपांनी एक पत्र गुपचूप छापून घेतले आणि एकाच रविवारी देशभरातल्या चर्चमध्ये वाचून दाखवले. गरिबी, पक्षपात, दडपशाही यांबद्दल त्यात साध्या शब्दांत लिहिले होते. जे सर्वांना ठाऊक होते तेच कोणीतरी मोठ्याने म्हटले. विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, परदेशी मदत थांबली. १४ जून १९९३ रोजी सार्वमत झाले आणि जवळपास दोन तृतीयांश लोकांनी अनेक पक्षांच्या बाजूने मत दिले. १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले. त्यांनी निकाल मान्य केला, हेही नोंदवले पाहिजे. पुढे १९९६ च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या राजवटीत झालेल्या यातनांबद्दल देशाची माफीही मागितली. पण सगळा जन्म तुरुंगात गेलेल्यांना माफीचे काय करायचे?

आता प्रश्न असा की हा रोग कोणाचा? एकट्या बांडांचा म्हणून मोकळे होता येईल. आम्हाला ते पटत नाही. मनुष्यस्वभावाला नायक लागतो, असे लिहिणारे ते हुशार, प्रामाणिक तरुण आम्हाला अधिक अस्वस्थ करतात. कारण ते आमच्यासारखे आहेत. त्यांचा हेतू चांगला होता, देश गुलामीत होता, घाई होती. संघटना बांधण्याचा लांबचा रस्ता सोडून त्यांनी मूर्ती उभी करण्याचा जवळचा रस्ता धरला.

बाबासाहेबांना हा जवळचा रस्ता दिसत नव्हता असे नाही. त्यांच्या एका शब्दावर लाखो माणसे उठत आणि बसत. तरीही १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर आसूड ओढला. आपला वाढदिवस साजरा झालेला त्यांना रुचत नसे. माणसाची पूजा म्हणजे लोकशाहीला लागलेली विकृती, असे त्यांचे मत होते. आणि १९४९ साली सर्वांत मोठा मान मिळालेल्या क्षणी, साऱ्या सभागृहाच्या साक्षीने, त्यांनी सांगितले की थोर माणसाबद्दल कृतज्ञता जरूर बाळगा, पण कृतज्ञतेला मर्यादा असते. फळा नाकारलेल्या दोन मुलांची वाट इथे फुटते. एकाने स्वतःला देशाच्या वर ठेवले. दुसऱ्याने संविधानाला स्वतःच्याही वर ठेवले.

कोणी म्हणेल, ही टीका आमच्या शत्रूंच्या हाती कोलीत देते. चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंना ‘भक्त’ म्हणून हिणवणारे मनुवादी टपलेलेच आहेत. त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. ६ डिसेंबरला उपाशीपोटी येणारी माय जाताना पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक विकत घेते. ही भक्ती नव्हे, ही कृतज्ञता आहे आणि ती शिकणारी कृतज्ञता आहे. आमचा रोख तिच्यावर नाही. आमचा रोख आहे तो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याहून मोठा स्वतःचा फोटो छापणाऱ्या फलकांवर. गटाच्या कार्यकारिणीची निवडणूक वर्षानुवर्षे न घेणाऱ्या अध्यक्षांवर. हिशेब विचारणाऱ्या कार्यकर्त्याला ‘गद्दार’ ठरवून बाहेर काढणाऱ्या बैठकांवर. आणि खरे सांगायचे तर आमच्या स्वतःवरही. ‘साहेब सांगतील ते धोरण’ अशा घोषणा आम्हीही घसा फोडून दिल्या आहेत. साहेबांनी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सांगितले तेव्हा आम्ही दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. चळवळीचे तुकडे झाले ते केवळ शत्रूंमुळे झाले, असे आता आम्ही म्हणणार नाही.

मलावीतून आणखी एक बातमी सांगून लेख संपवतो, कारण रोगाबरोबर उपचारही सांगितला पाहिजे. २०१९ साली तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतमोजणीच्या कागदांवर खाडाखोडीचा पांढरा रंग लावून आकडे बदलल्याचे आढळले. प्रकरण न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीश गोळी न भेदणारी जाकिटे घालून, लष्कराच्या पहाऱ्यात न्यायालयात आले आणि त्यांनी ती निवडणूक रद्द केली. जूनमध्ये पुन्हा मतदान झाले आणि सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष हरला. त्या पाच न्यायाधीशांची कोणी मंदिरे बांधली नाहीत. बांडांची समाधी मात्र २००६ साली लिलाँग्वेत संगमरवरात उभी राहिली आणि त्यांच्या आठवणीने हळहळणारे लोक आजही तिथे आहेत. पण देश तगला तो समाधीमुळे नाही. महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरून हिशेब मागणाऱ्या सामान्य माणसांमुळे आणि घटनेचे कलम वाचून निकाल देणाऱ्या न्यायाधीशांमुळे तो तगला.

तेव्हा येत्या २५ नोव्हेंबरला वस्तीत, विहारात बाबासाहेबांचे ते भाषण वाचायला घ्याल तेव्हा ते अर्धे वाचू नका. विसंगतीचा परिच्छेद वाचा आणि भक्तीचाही वाचा. वाचून झाल्यावर आपल्या शाखेच्या, मंडळाच्या, संस्थेच्या अध्यक्षांना उभे राहून एक साधा प्रश्न विचारा : मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे आणि पुढची निवडणूक कधी आहे? उत्तर मिळाले तर त्यांना मानाचा जयभीम करा. नाही मिळाले तर प्रश्न पुन्हा विचारा.